पाठ केलेले पाच शब्द

बाबांचा उजवा अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर टेकला, मग मधल्या, मग वरच्या. तिथून अनामिकेच्या दोन पेरांवर गेला आणि थांबला. दोन-तीन सेकंदांनी पुन्हा पहिल्यापासून. दर खेपेला पाचच पेरं. माझे सासरे शालिकराम जप करणारे नाहीत. सहा फेऱ्या मोजल्यावर मी त्यांच्या ओठांकडे पाहिलं. आम, ताला, नदी, कुर्सी, बैल.

वैशाली नगरच्या आरोग्य केंद्रात साठीच्या वरच्यांची स्मरणशक्ती तपासत होते. बाकावर आम्ही तिघं होतो: बाबा, सासूबाई आणि मी.

"आई, हे शब्द बाबाले कोणं सांगतले?"

"मी." सासूबाईंनी पदर सारखा केला. "शेजारची रत्नमाला परवा येऊन गेली इथं. सगळ्यायले हेच पाच पुसते सिस्टर. तीन दिवस पाठ करून घेतले ह्यायच्याकडून."

"मंग तपासणीचा उपयोग का?"

"वा! पोरायचे पेपर फुटतात ते चालते. कमी नंबर आले त कागदावर पागल लिहून देतील, समजलं? तुह्या लॅबमधी त तुले सगळंच पाणी खराब दिसते."

मी पाणी तपासते. बाटली भरण्याआधीच कोणी पाण्यात हात बुडवला तर आकडा कसा येतो, हे मला ठाऊक आहे. आज मला खरा आकडा हवा होता. माझ्या सात वर्षांच्या टिनाला बाबा रोज स्कूटरवरून शाळेत नेतात, आणतात. चार महिन्यांपूर्वी एकदा ते तिला शाळेऐवजी प्लांटच्या गेटवर घेऊन गेले, पहिल्या पाळीच्या गर्दीत. रिटायर होऊन त्यांना अकरा वर्षं झाली आहेत. "आजोबा मले ड्यूटीवर घेऊन गेले," टिना हसत म्हणाली. आम्हीही हसलो. दोन आठवड्यांपूर्वी तिनं सांगितलं की पावर हाउसच्या चौकात ते तिला विचारतात, आता कुणीकडे. ती मागून त्यांच्या खांद्यावर थोपटते. डावा खांदा म्हणजे डावीकडे. "हमारा गेम है, मम्मी."

तेव्हाच मी प्रफुल्लला, माझ्या नवऱ्याला म्हटलं की हे बंद करू. "बाबाची तेवढीच एक ड्यूटी उरली," तो म्हणाला. "कागदावर आलं त मी सांगतो त्यायले. असंच कसं म्हणू?" मलाही ते सोयीचं वाटलं. कागद बोलला तर मला बोलावं लागणार नव्हतं. तपासणीचा दिवस येईपर्यंत टिना त्याच स्कूटरवर जात राहिली.

बाबांचं नाव पुकारलं गेलं. सिस्टर दामिनीच्या टेबलावर प्रश्नांचा एकच कागद होता, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला.

"बाबूजी, पाँच शब्द बोलूँगी, ध्यान से सुनना. आम, ताला..."

"नदी, कुर्सी, बैल," बाबा म्हणाले.

सिस्टर हसली. "अरे, मुझे बोलने तो दो!"

तारीख आणि वार त्यांनी बरोबर सांगितले. घड्याळाचे बारा आकडे काढले, काटे काढायचे राहिले.

मी म्हटलं, "सिस्टर, शब्द इनको पहले से पता थे. दूसरे पूछ लीजिए."

"दूसरे भेजे ही नहीं, मैडम." तिनं दाराकडे पाहिलं. बाहेर बत्तीस माणसं होती. मी मोजली होती. "घर में कोई परेशानी? रास्ता-वास्ता भूलते हैं?"

"नाही, नाही," सासूबाई मराठीतच म्हणाल्या.

बाबा माझ्याकडे पाहत होते, निकालाची वाट पाहणाऱ्या मुलासारखे. मी रस्त्याचं बोलले नाही.

सिस्टरनं नऊपैकी आठ लिहिले. "बड़े अस्पताल की पर्ची कम नंबर पे ही बनती है," ती म्हणाली, "अगले साल फिर ले आना."

बाहेर येताच बाबांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "आठ नंबर! चौतीस वर्षं क्रेन चालवली, एक अॅक्सिडेंट नाही." त्यांनी स्कूटर स्टँडवरून काढली. "टिनाची सुट्टी होऊन राहिली. मी घेऊन येतो, तुमी दोघी ऑटोनं जा."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवली.

"जाऊ दे ना, गीता," त्या हळू म्हणाल्या. "आता त कागदावर बी आलं."

मी प्रफुल्लला फोन लावला. तो ड्यूटीवर होता. फोन वाजत राहिला. बाबांनी किल्ली फिरवली. मी हँडलवर हात ठेवला.

"सरक न बाई. पोरगी वाट पाहीन."

"बाबा," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की इंजिनात ऐकू गेला नसावा. मी पुन्हा म्हटलं, "बाबा, टिना आता तुमच्या मांगं नाही बसन. आजपासून तिले मी आणीन."