राणी घेणाऱ्याचा प्रश्न

मित्रांनो, मी एक जुना कॅरम आहे. आता रीतीप्रमाणे मी आधी जन्म सांगायचा, मग उमेदीची वर्षं, मग म्हातारपण आणि शेवटी उपदेश. पण डाव फोडल्यावर सोंगट्या कधी ओळीनं जातात का? माझी गोष्टही तशीच जाणार. काही भाग नीट जाळीत पडेल, काही काठावर आपटून माघारी येईल. तुम्ही फक्त राणीवर नजर ठेवा.

जन्म लवकर उरकतो, कारण तो मला फारसा आठवत नाही. एक कारखाना, लाकडाचा भुसा आणि घासकाम करणारी एक बाई. ती माझ्यावरून तळहात फिरवायची, कुठे खरखर लागली की "च्यक्" करायची आणि पुन्हा घासायला बसायची. एके दिवशी तिचा हात फिरला आणि ती काहीच बोलली नाही. एवढं कौतुक नंतर माझ्या वाट्याला क्वचितच आलं.

दुकानात मी भिंतीवर टांगलेला होतो, त्यामुळे मला वाटायचं, जग उभं असतं. एका घरी आणून मला स्टुलावर आडवं ठेवलं तेव्हा कळलं, जग म्हणजे वर एक पंखा आणि चार बाजूंना चार हनुवट्या.

पहिली हनुवटी वडिलांची. ते लिफ्ट दुरुस्त करतात. कितीही हात धुतले तरी बोटांच्या पेरांत ग्रीस राहतंच. दुसरी आईची. ती सरकारी शाळेत इतिहास शिकवते. तिच्या नखांत इतका खडू असतो की पावडर संपली तरी तिचं अडत नाही. तिसरी आत्याची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीची. ती जन्मभर दवाखान्यात नर्स होती आणि आता याच घरात राहते. स्ट्रायकर जाळीत गेला तर बाकीचे 'ड्यू', म्हणजे दंडाची सोंगटी, मान्य करतात. आत्या म्हणते, "ड्यू कसला? तो आपणहून गेला."

चौथी हनुवटी तेव्हा इतकी छोटी होती की ती माझ्या काठावरच टेकलेली असायची. तिचं नाव आत्यानं 'चौकशी' ठेवलं होतं. "स्टेशनावर चौकशीची खिडकी असते ना, तशी आहे ही. फरक एवढाच, तिथे आपण विचारतो, इथे खिडकीच विचारते."

चौकशी खेळताना इतकं विचारायची की वडिलांचा नेम लागेना. एका रविवारी ते वैतागले.

"हे बघ, एका डावात एकच प्रश्न! तोही राणी घेतलीस तर. आणि कव्हर केलंस तर!"

राणी म्हणजे माझ्या मधोमध बसणारी लाल सोंगटी. ती जाळीत घातली की लागोपाठ आपली आणखी एक सोंगटी घालावी लागते. ते कव्हर. नाही जमलं तर राणी परत मध्यावर.

"पण उत्तर खरं द्यायचं," चौकशी म्हणाली.

"देऊ खरं."

"कुणीही?"

"कुणीही. आता खेळ, बाई!"

वडिलांना वाटलं, प्रश्न कमी होतील. झालं भलतंच. पोरगी राणी घेण्यात तरबेज झाली. नियमालाही हळूहळू फांद्या फुटल्या. राणी घेणाऱ्यानं कुणालाही विचारावं. उत्तर येईपर्यंत सगळ्यांनी माझ्याकडे बघावं, बोलणाऱ्याकडे नाही. आणि उत्तर काहीही आलं तरी रागवायचं नाही.

काही प्रश्न अजून माझ्या लाकडात आहेत.

"मुंग्या झोपतात का?" (वडिलांना. उत्तर: माहीत नाही. हे उत्तर धरायचं की नाही यावर डाव अडला. शेवटी धरायचं ठरलं.)

"लिफ्टमध्ये अडकलेली माणसं पहिल्यांदा काय म्हणतात?" (तेही वडिलांना. "हॅलो म्हणतात. समोर कुणी नसलं तरी.")

"आत्या, तू सगळ्यांना सुया टोचल्यास. तुला कोण टोचायचं?" ("कुण्णी नाही. मी पळून जायचे.")

मित्रांनो, हीच ती उमेदीची वर्षं. चालू असताना ती नुसती रविवारची दुपार वाटतात.

इथे एक सोंगटी काठावर आपटते.

चौकशी मोठी झाली तेव्हा तिला एका खासगी शाळेत घातलं. वडील त्या शाळेची लिफ्ट दुरुस्त करायला गेले होते आणि भारावून परतले होते. "सगळे वर्ग चालू, आणि टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता!" ही गोष्ट ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्या शांततेत इतकी मुलं काय करत असतील, याचं मला फार कुतूहल होतं. पण राणी घ्यायला मला हात नाहीत.

पहिली दोन वर्षं बरी गेली. आठवीत मात्र काहीतरी बिनसलं, आणि ते सगळ्यांत आधी मला कळलं. राणी जाळीच्या तोंडाशी उभी होती. फुंकर मारली तरी पडली असती. चौकशीनं नेम धरला आणि स्ट्रायकर भलतीकडे पाठवला.

"काय गं, डोळे तपासायचेत का?" आत्या म्हणाली.

डोळे ठीक होते. मी तिच्या बोटाखालीच होतो. तिनं तो नेम मुद्दाम चुकवला होता. पुढच्या रविवारीही तेच. ज्या मुलीला राणीची एवढी हाव, तिला आता विचारायचंच काही नव्हतं का?

तेवढ्यात सहामाही परीक्षेचे गुण आले. गणितात नापास, विज्ञानात काठावर. त्या रविवारी राणी वडिलांनी घेतली. त्यांनी विचारलं, "वर्गात काही कळलं नाही तर हात वर का करत नाहीस?"

माझ्याकडे बघत चौकशी म्हणाली, "केला की म्हणतात, हे मागच्या वर्षी झालंय. मग सगळे हसतात."

उत्तर खरं होतं. पण वडिलांनी त्यावर शिकवणी लावली आणि वार्षिक परीक्षा होईपर्यंत कॅरम बंद केला. म्हणजे मला उचललं, कपाटामागे उभं सरकवलं आणि विसरून गेले. खरं बोलल्यावर काय होतं, ते त्या मुलीला समजलं. मलाही.

कपाटामागे दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. शिकवणीच्या सरांचा खोकला. चौकशीचं "हो सर". पुन्हा "हो सर". एवढ्या 'हो'मध्ये एकही 'का' नाही. मग एका संध्याकाळी आई-वडील तिच्या शाळेतून परतले. मुख्याध्यापिकेनं बोलावून सांगितलं होतं की हिला नववी इथे झेपणार नाही, दुसरी शाळा बघितलीत तर बरं. ठेवायचीच असेल तर आठवीत पुन्हा बसवा.

चौकशी आतल्या खोलीत होती. बाहेर आवाज दबके झाले.

"सरकारी शाळेत घालू या तिला," आत्या म्हणाली. "हिच्याच शाळेत. चालत जाईल, चालत येईल."

"ताई, मी आयुष्यभर लोकांना वर नेलं. आता पोरीला खाली उतरवू?" वडील.

"लिफ्ट मधे अडकली तर काय करतोस रे तू? वर न्यायचं बघतोस की आधी माणसाला बाहेर काढतोस?"

आई मधेच बोलली, "माझ्या शाळेत नको."

"का?" आत्या म्हणाली. "शेजारणीला तर परवाच सांगत होतीस, बिनधास्त घाला, चांगली शाळा आहे. तू तिथे शिकवतेस ना?"

"म्हणूनच," आई म्हणाली.

एवढंच. दार वाजलं, दिवा बंद झाला. आणि मी त्या एका शब्दाबरोबर कपाटामागे अडकलो. म्हणूनच म्हणजे काय? जी शाळा शेजारणीच्या मुलाला चालते, ती स्वतःच्या मुलीला का चालू नये? मी लाकूड आहे, मला विचार करायला भरपूर वेळ होता. तरी उत्तर सापडेना.

आत्याचं चष्म्याचं घर कपाटामागे पडलं म्हणून मी सुटलो. तिनं काठीनं मला ओढून काढलं.

"याला काय म्हणून कोंडून ठेवलंय? यानं काय गणितात मार खाल्ला?"

तिनं पदरानं माझी धूळ पुसली आणि हाका मारून सगळ्यांना बसवलं. शाळेला उत्तर द्यायचा दिवस जवळ आला होता आणि घरात त्यावर कुणी चकार शब्द काढत नव्हतं. डाव सुरू झाला. मित्रांनो, इतका वाईट डाव मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. चौघंही राणीला चुकवत होते. आई तिच्या शेजारून सोंगटी नेत होती, वडील तिला लांब ढकलत होते. ज्याला विचारायचं होतं त्याला भीती, ज्याला उत्तर द्यायचं त्यालाही भीती.

मग चौकशीनं स्ट्रायकर रेघेवर ठेवला. टक्. राणी गेली. चौकशी क्षणभर थांबली. कव्हर चुकवलं असतं तर अजून सुटका होती. टक्. पांढरी सोंगटी राणीच्या मागोमाग जाळीत.

"आई," माझ्याकडे बघत तिनं विचारलं, "म्हणूनच म्हणजे काय?"

तिनंही ऐकलं होतं तर! ती तिकडे दाराआड आणि मी इकडे कपाटामागे, एकच शब्द धरून बसलो होतो.

आईची हनुवटी हलली. तिनं माझ्या काठावरचा न दिसणारा डाग नखानं खरवडला.

"आमचा वर्ग खच्चून भरलेला असतो. पुढच्यांना मी शिकवते, मधल्यांना गप्प करते. मागच्या बाकांपर्यंत मी पोचतच नाही. मागच्या मुलांची नावंसुद्धा चुकतात माझी. रोज घरी येताना ठरवते, उद्या मागे जाऊन उभी राहीन. रोज राहून जातं. शाळा चांगलीच आहे गं, पुढे बसलं तर. तू पुढे बसणारी नाहीस. माझ्याच वर्गात तू मागे बसणार आणि मी तुझ्यापर्यंत पोचणार नाही, हे मला बघवणार नाही."

कुणी मान वर केली नाही.

"मी आत्ताही मागेच बसते," चौकशी म्हणाली. "तिथले बाक भारी आहेत, एवढंच."

आत्या फिसकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"आणि गणित?" आई म्हणाली. "आमचे गणिताचे सर आधी दोनदा ओरडतात, मग तिसऱ्यांदा समजावतात."

"चालेल की. आत्ताच्या शाळेत कुणी ओरडतही नाही."

"अगं पण..."

"मी तुझ्या वर्गात मागे बसते. आणि मागे काय ऐकू येतं ते तुला दर रविवारी सांगते."

"म्हणजे माझ्यावर हेर?"

"हो."

वडिलांनी घसा खाकरला. "एकदा सोडलं की ते परत घेणार नाहीत, कळतंय ना? तुला खरंच जायचं आहे का?"

"बाबा, राणी तू नाही घेतलीस."

वडिलांनी मुकाट्यानं सोंगट्या पुन्हा मांडल्या. त्या डावात तिघींनी राणीला हातही लावला नाही. वडिलांचे नेम चुकत राहिले, ग्रीसचे ठसे माझ्यावर उमटत राहिले, आणि कधीतरी एकदाची राणी पडली, कव्हरसुद्धा झालं.

"जायचंय का तुला?"

"हो."

"भीती वाटते?"

"एका डावात एकच प्रश्न," चौकशी म्हणाली. मग हळूच, "वाटते."

असं ठरलं ते. बँड वाजला नाही. दुसऱ्या दिवशी आईनं अट घातली की शाळेत 'आई' म्हणायचं नाही, 'बाई' म्हणायचं. दोन दिवस चौकशी घरीही "बाई, भूक लागली" म्हणत फिरत होती.

पुढचं सगळं गोड झालं असं सांगितलं तर मी खोटा ठरेन, आणि माझ्यासमोर खोटं चालत नाही. एका रविवारी वडिलांनी विचारलं, जुन्या शाळेची आठवण येते का. उत्तर आलं, "येते. वाचनालयाची आणि एका मैत्रिणीची." गणितात ती अजून धडपडतेच आहे. ओरडणं मात्र दोनदाचं एकदावर आलंय.

आणि आई? ती पूर्वी राणीच्या वाटेला जात नसे. नव्या शाळेच्या पहिल्याच रविवारी तिनं राणी घेतली.

"मागे ऐकू येतं का?"

"नाही," चौकशी म्हणाली. "सुरुवातीला येतं. मग तू फळ्याकडे तोंड करून बोलतेस. मागे नुसती तुझी वेणी दिसते."

नियमाप्रमाणे आई रागावली नाही. पण कान लाल झाले. मी खालून पाहिले.

सोमवारी संध्याकाळी तिनं मला उचललं, भिंतीला टेकवून उभं केलं आणि पेन्सिल घेऊन माझ्यावर लिहिल्यासारखं करू लागली. तोंडही माझ्याकडे, हातही माझ्याकडे, वर्गात फळ्याकडे असतात तसे. चौकशीला तिनं घराच्या पार टोकाला, स्वयंपाकघरात पिटाळलं होतं. धडा कुठल्याशा जुन्या लढाईचा आणि तहाचा होता.

"ऐकू येतंय?"

"नाही!"

आई थोडी वळली. "आता?"

"अर्धं!"

आईनं माझ्याकडे पाठ केली, हात तसाच मागे माझ्यावर ठेवला आणि तहाची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागली. राजे भेटले, कागदावर शिक्के उठले, लढाई थांबली. "आता येतंय का?"

आई वाट बघत उभी राहिली. मग स्वयंपाकघरातून आवाज आला:

"बाई, पण तह करायचा का, हे सैनिकांना कुणी विचारलं होतं का?"

डाव मांडलेला नव्हता. राणी डब्यात होती. तरी प्रश्न आला होता, आणि नियम मोडला म्हणून कुणी हरकत घेतली नाही. आईच्या हातून पेन्सिल पडली आणि ती उचलायचंही तिला सुचलं नाही.

तर मित्रांनो, आता माझं मागणं. मला ओल्या फडक्यानं पुसू नका. माझ्यावर गरम भांडं ठेवू नका. आणि भिंतीशी उभं करून मला महिनोन्‌महिने विसरू नका, कारण उभं राहून लाकूड वाकतं. दिसत नाही, पण वाकतं. मग चांगली मारलेली सोंगटीही वाट सोडते, आणि खेळणाऱ्याला वाटतं, आपलाच नेम वाईट. तो बिचारा मान खाली घालतो, पुन्हा पुन्हा नेम धरतो आणि हळूहळू खेळायचंच सोडतो. म्हणून त्याला काही बोलण्याआधी मला एकदा सपाट जागी ठेवा, खाली वाका आणि डोळा माझ्या पातळीवर आणून नीट बघा.