प्रेमदासकाकांचं अर्धं वाक्य

नालवाडीत माझा इंग्रजीचा क्लास आहे. परदेशी जायचं म्हणून परीक्षा देणारी पोरं-पोरी येतात आणि रक्षा मॅडम तापट आहेत, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळतं. मी तरी काय करू? सोप्या प्रश्नात मार्क घालवले की माझं डोकं फिरतं.

सगळ्यात सोपा प्रश्न म्हणजे अर्धं वाक्य पूर्ण करा. आधी उतारा वाचायचा, मग रिकाम्या जागी त्यातलेच शब्द जसेच्या तसे भरायचे, तेही दोनच्या वर नाही. आपली अक्कल चालवायची नाही. पण भावनाला नेमकं तेच जमत नव्हतं.

भावना नर्स. हुशार, कामाला वाघ. आयर्लंडच्या एका दवाखान्यानं तिला नोकरी देऊ केली होती, पण वाचनाच्या पेपरात ती दोनदा मागे पडली. दवाखाना आता फक्त रविवारच्या पेपरापुरता थांबणार होता. तो पेपर गेला की नोकरी गेली.

सरावात कापसावरचा उतारा आला. मला वाटलं, चला, घरचाच विषय! उताऱ्यातले शेतकरी वेचलेला कापूस गच्चीवर वाळत घालत होते. वाक्य होतं, ‘वेचणीनंतर कापूस आधी ठेवतात...’ आणि भावनानं लिहिलं, ‘इन द हाऊस टिल रेट कम्स.’

"अगं, हे उताऱ्यात कुठं आहे?"

"उताराच चुकला मॅडम. भाव आल्याशिवाय घरातून कापूस कोण काढते?"

मी कपाळावर हात मारला. खरं सांगायचं तर हसूही आलं, पण ते दाखवलं नाही.

शुक्रवारी ती आली तीच पडलेल्या चेहऱ्यानं. "मॅडम, मी पेपर नाई देत."

"काऊन?" रागात माझीही भाषा घरची होते.

"बाबाले करमणार नाई. काल जेवताना म्हणे, तू गेली तं मले... अन् थांबले. डोये भरले त्याइचे."

"मग पुढचं कोण बोललं?"

"मीच म्हटलं, करमणार नाई ना? तं त्याइनं मान हालवली."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगी इथंही उतारा न वाचताच उत्तर लिहून आली होती! क्लास तसाच सोडून मी तिला स्कूटीवर बसवलं आणि थेट तिच्या घरी गेले.

तिची आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. तिच्या बाबांची, प्रेमदासकाकांची, उभी हयात हिंगणघाटला कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये गेली. यंत्र धडधडलं की बोलणं मध्येच थांबवायचं, आवाज बसला की पुढचं बोलायचं, ही तिथली रीत. जिनिंग सुटलं, पण रीत अंगात राहिली. काका थांबले की भावना वाक्य पुरं करायची आणि ते मान हलवून मोकळे व्हायचे.

"काका, काल जेवताना तुम्ही काय सांगत होता? आज कोणी मध्ये बोलणार नाही." मी भावनाकडे डोळे वटारून बघितलं.

"मी म्हणत होतो, तू गेली तं मले..." काका थांबले.

भावनाचे ओठ हलले. मी तिचा हात दाबून धरला. मला स्वतःला बसची वाट बघवत नाही, त्यामुळे ते थांबणं माझ्याही जिवावर आलं होतं.

"...मले पासपोर्ट काढा लागन," काका म्हणाले. "तुयं तिथलं घर पाहाले यावं लागन ना!"

भावना बघतच राहिली. "मंग काल मान काऊन हालवली?"

"करमणार नाई हेही खरंच हाये, बाई. पण ते दुसरं वाक्य होतं. तू मले कुठी बोलू देतं?"

ती बापाच्या गळ्यात पडून रडली आणि रडता रडता हसली. मलाही भरून आलं, म्हणून मी उगीचच ओरडले, "पुरे आता, अभ्यासाला लागा!"

रविवारी नागपूरला पेपर झाला. तिनं उताऱ्याबाहेरचा एकही शब्द लिहिला नाही. हवे होते तेवढे गुण मिळाले आणि ती आयर्लंडला गेलीही.

आता प्रेमदासकाका माझ्या क्लासात पहिल्या बाकावर बसतात. विमानात चहा मागता आला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. परवा मी त्यांना घरच्यांविषयी एक वाक्य इंग्रजीत बोलायला उभं केलं.

"माय डॉटर इज..." काका थांबले. साऱ्या वर्गाच्या ओठावर ‘नर्स’ आलं. मी सगळ्यांना डोळ्यांनीच गप्प केलं आणि आम्ही वाट बघितली.

"...वेटिंग," काका म्हणाले आणि खाली बसले.