लाल फडकं

कॅन्डीतल्या आमच्या जुन्या मॉरिस मायनरवाल्यांच्या मंडळात एकच वाद कधी मिटत नसे: या गाडीला डिस्क ब्रेक बसवावेत की नाही. आणि तो मिटू नये याची काळजी आमचा सचिव अत्तनायके जातीने घेत असे.

"अरे, जी गाडी पळतच नाही तिला थांबवायची कशाला?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. "पस्तीस-सदतीस घोड्यांचं इंजिन, त्यातले निम्मे पेन्शनीत गेलेले. ड्रम ब्रेक आले तिच्याबरोबर, ड्रम ब्रेकच जातील तिच्याबरोबर. ज्याला भीती वाटते त्याने बसने फिरावं."

अत्तनायके निवृत्त पोस्टमास्तर. त्याच्या हिरव्या गाडीचा एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही, असं तो छाती पुढे काढून सांगायचा, आणि आम्हीही पाहुण्यांना ती गाडी दाखवून तेच सांगायचो. मंडळाचा नियमही त्याचाच. सगळ्या गाड्या ओळीने निघतात तेव्हा ड्रमवाली गाडी थांबायला जागा घेते आणि डिस्कवाली जागच्या जागी उभी राहते. मागचा आपटायला नको, म्हणून डिस्कवाल्यांनी मागच्या बंपरला लाल फडकं बांधायचं आणि ओळीच्या शेवटी राहायचं. नियम चांगला होता. पण अत्तनायकेने त्या फडक्याला 'शेपटी' म्हणायला सुरुवात केली, आणि मग काय, चांगल्या नियमाचा तमाशा झाला. आमच्यातला तरुण दाताचा डॉक्टर पसिंदू डिस्क बसवून आला, तेव्हा सकाळच्या किरिबताची, म्हणजे दूधभाताची, पानं वाढता वाढता अत्तनायकेने सगळ्यांसमोर विचारलं, "काय डॉक्टर, शेपटी धुतलीत ना आज?" पसिंदू हसला, पण पुढचे दोन महिने फिरकला नाही.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशातली गत. कारण गेल्या वर्षी नातीला शाळेतून आणताना उतारावर याच अत्तनायकेचं पेडल पार खाली गेलं होतं. पुढे बस उभी. गाडी थांबली ती बसच्या अगदी पाठीला लागून. नात आजोबांना म्हणाली, "सिया, पुन्हा करा ना!" आणि तिचे सिया पहिल्या गिअरमध्ये घरी आले.

घरी त्याची बायको, तिचं नावच श्रीमती, म्हणाली, "अहो, तुमचा अस्सलपणा ठेवा तुमच्यापाशी. ब्रेक बदलेपर्यंत पोर त्या गाडीत पाय ठेवणार नाही. मीही नाही."

त्याने ब्रेक बदलले. पण कॅन्डीत नाही. इथला प्रत्येक मेकॅनिक त्याला ओळखतो. तो दूर कुरुणेगलला गेला. जुन्या चाकांवर जुन्याच चकचकीत टोप्या परत बसवल्या, की आत काय आहे ते कुणाच्या बापाला कळत नाही. येताना त्याने ठरवलं होतं, पुढच्या पोयाला, म्हणजे पौर्णिमेच्या सुट्टीला, मंडळ जमेल तेव्हा सांगून टाकायचं. मग पुढच्या पोयाला. मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक वेळी त्याच्या डोळ्यांसमोर पसिंदूचा तो हसरा, पडलेला चेहरा यायचा आणि जीभ मागे फिरायची.

एप्रिलमध्ये आम्ही नुवर एलियाला गेलो. परतताना रंबोड्याचा घाट उतरायचा होता. पुढे अत्तनायके, त्याच्या मागे विल्मट, मग आम्ही बाकीचे, आणि सगळ्यात शेवटी लाल फडकं लावलेला पसिंदू. विल्मट गुणसेकर हा अत्तनायकेचा शाळेपासूनचा दोस्त, त्याचा 'मचंग'. इतकी वर्षं तो अत्तनायकेच्या मागे गाडी चालवत आला होता की मधलं अंतर त्याला डोळ्यांनी मोजावं लागत नसे, ते त्याच्या पायातच बसलं होतं.

चहाच्या मळ्यांतून अर्धा घाट उतरलो असू, तेवढ्यात एक कुत्रं आडवं आलं. अत्तनायके दचकला आणि त्याने पाय दाबला. नुसता दाबला. गाडी जागेवर खिळली.

विल्मटनेही दाबला. त्याचे ड्रम घाटभर तापून आधीच थकले होते. समोर दोस्ताची डिकी, उजवीकडे वर चढणारी बस. त्याने स्टिअरिंग डावीकडे डोंगराच्या बाजूला वळवलं आणि गाडी गटाराच्या कठड्यावर घातली. डावा मडगार्ड चेपून चाकाला चिकटला आणि विल्मटचं उजवं मनगट मोडलं. हिरव्या गाडीला ओरखडाही नाही. कुत्रं निघून गेलं.

आम्ही धावलो. विल्मटला उचलून अत्तनायकेच्या गाडीशेजारच्या मोरीवर बसवलं, मनगटाला रुमाल बांधला. कुणीतरी अत्तनायकेला म्हणालं, "मामा, या वयात काय चपळ पाय तुमचा! कुत्रं वाचलं." दुसरा हळूच म्हणाला, "विल्मट मामांची नजर कमी झालीय वाटतं." मीही मान हलवली, खोटं कशाला सांगू. अत्तनायके चाकाच्या टोपीकडे बघत उभा होता. तेव्हाच सांगायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं की चूक माझी. त्याला ते जमलं नाही.

गंपोलाच्या इस्पितळात संध्याकाळी विल्मटची मुलगी दिलरुक्षी कोलंबोहून येऊन पोचली. गेली दोन वर्षं ती बापाच्या मागे लागली होती, गाडी सोडा म्हणून. बायको गेल्यापासून विल्मटला दुसरं होतंच काय? रविवारी गाडी पुसायची आणि पोयाला बाहेर काढायची. खोलीच्या दारातच तिने अत्तनायकेला गाठलं.

"मामा, तुम्ही पुढेच होतात. खरं सांगा, तात्तांचं लक्ष नव्हतं का?"

अत्तनायकेने घसा खाकरला. "आता काय सांगू, पोरी," तो म्हणाला. "वय झालं की व्हायचंच असं."

हे बोलल्याबरोबर त्याचे कान तापले. पण शब्द बाहेर पडले होते, आणि दिलरुक्षीने मान डोलावून डोळे पुसले होते.

त्यानंतर अत्तनायकेला झोप नव्हती. रस्त्यात कुणी गाडीची स्तुती केली की चोराच्या मनात चांदणं, त्याला वाटे हा टोमणा मारतोय. शेवटी श्रीमतीच म्हणाली, "कुत्र्यासाठी पाय दाबलात, त्याबद्दल तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही. दोस्तासाठी तोंड उघडलं नाहीत, त्याचं काय करणार?"

तो पेरादेनियाला विल्मटच्या घरी गेला. विल्मट ओसरीवर बसला होता, प्लास्टरातला हात मांडीवर घेऊन. समोरची गाडीची शेड रिकामी होती, जमिनीवर तेलाचा जुना डाग तेवढा होता.

"गाडी दुरुस्तीला दिलीस?"

"विकली. मातरचा माणूस काल घेऊन गेला," विल्मट म्हणाला. "बस."

अत्तनायके बसला नाही. "विल्मट, एक सांगायचंय."

"डिस्कचं ना?"

"तुला कुणी सांगितलं?" अत्तनायकेने विचारलं.

"मोरीवर बसवलंत ना मला, तुझ्या चाकाशेजारी," विल्मट म्हणाला. "अर्धा रंबोडा उतरून आलेलं चाक आणि त्याला जळका वास नाही? माझ्या गाडीचा तर गटारातून येत होता. हात मोडला होता मचंग, नाक नव्हतं मोडलं."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तू बोलशील. सगळ्यांसमोर मी तुझी चड्डी कशाला सोडू? मग वाटलं, इस्पितळात सांगेल." विल्मट शेडकडे बघत होता. "तिथं तू वयाचं काढलंस. दार उघडं होतं रे. मला सगळं ऐकू येत होतं."

अत्तनायकेला वाटलं, याने उठून एक कानाखाली द्यावी. तेवढ्यात दिलरुक्षी चहा घेऊन आली. कपाशेजारी गुळाचा खडा. "घ्या मामा," ती म्हणाली, आणि तो उभाच होता.

"पोरी, तुझ्या तात्तांची चूक नव्हती," तो म्हणाला. "माझ्या गाडीला डिस्क ब्रेक आहेत. वर्षभर मी ते लपवले. माझ्या गाडीला फडकं असतं तर मी शेवटी असतो. त्याच्या पुढे नसतो. तुझ्याशी मी खोटं बोललो."

दिलरुक्षीने ट्रे खाली ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुम्ही म्हणालात म्हणून मी किल्ली काढून घेतली, मामा," ती म्हणाली. "तात्ता देत नव्हते. मी त्यांना म्हटलं, अत्तनायके मामासुद्धा तेच म्हणतात. मग दिली त्यांनी." आणि ती आत गेली.

चहा तसाच राहिला. अत्तनायके पायऱ्या उतरला, तेव्हा मागून विल्मट आला. त्याच्या डाव्या हातात जुन्या सारोंगची लाल पट्टी होती. त्याने हिरव्या गाडीच्या मागे जाऊन ती बंपरभोवती फिरवली. एका हाताने तो खटपट करत राहिला. पट्टी घसरून खाली पडली. त्याने ती उचलून पुन्हा फिरवली.

"मी बांधतो," अत्तनायके म्हणाला.

"तू एकटा बांधशील आणि कोपऱ्यावर सोडशील," विल्मट म्हणाला. "धर एक टोक."

रस्त्याने शाळा सुटलेली पोरं जात होती, समोरचा दुकानदार बाहेर येऊन बघत होता. अत्तनायके धुळीत गुडघे टेकून बसला आणि त्याने टोक धरलं.

"घट्ट ओढ," विल्मट म्हणाला. "मागच्याला दिसलं पाहिजे."