माझ्या अंगावरचा एकच पोचा

मित्रांनो, मी एक जुनी स्टॉक कार आहे. घरातली साधी गाडी सोलून काढायची, आतून लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा आणि मातीच्या गोल मैदानावर तिच्यासारख्याच वीस गाड्यांबरोबर तिला सोडायचं. पुढची गाडी वाट देत नसेल तर खुशाल ढुशी द्यायची. ढुशी देणं हा तिथं गुन्हा नाही, तोच खेळ आहे. अशा गाडीला स्टॉक कार म्हणतात.

माझ्या पहिल्याच शर्यतीत मी अशी सुटले, की माझी धूळ तिसऱ्या दिवशी मैदानावर पोचली. माझी सावली तर अजून शेवटच्या वळणावरच आहे, तिला घरचा पत्ता सापडत नाही. मी एकवीस गाड्या मागं टाकल्या, आणि मैदानावर होत्या वीसच. हसू नका. ही हकीकत मी ज्याच्या तोंडून ऐकली त्याच्याबद्दलच तर सांगायचं आहे.

तो वेल्डर होता. टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात दिवसभर टाकीच्या पोटात उकिडवा बसून सांधे जोडायचा. त्याच्या घरी मी चौदा वर्षं निमूट गाडीपण केलं. त्याच्या मुलीला दवाखान्यातून पहिल्यांदा घरी मीच आणलं. नंतर मी म्हातारी झाले, घरात दुसरी गाडी आली, आणि भंगारवाला मला बघून गेला. त्याच आठवड्यात वेल्डरनं मैदानावरची शर्यत पाहिली. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, की गाडी विकायची नाही, मी तिला शर्यतीची करणार आणि स्वतः चालवणार. तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता. बायको घरी शिवणकाम करायची. तिनं सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "पिंजरा बसवणार ना आत? मग बाहेरून कडीपण लावून घ्या."

आमचं गॅरेज एवढंसं, की माझं बॉनेट उघडायचं तर सायकल बाहेर काढावी लागे. वेल्डरनं मला सोलायला घेतलं. काचा गेल्या, गालिचा गेला, मागची सीट गेली. सीटखाली एक केसांची पिन, अर्धा खडू आणि मुलीनं चौथीत हरवलेला एक मोजा निघाला. मोजा त्यानं खिळ्याला टांगून ठेवला. पुढची डावी सीट भिंतीला टेकवली. बायको संध्याकाळी तिच्यावर बसून मटार सोलायची आणि नवऱ्यालाही.

मग त्यानं माझी चारही दारं वेल्ड करून बंद केली. शर्यतीच्या गाडीचं दार धडकेत उघडलं तर माणूस बाहेर फेकला जातो, म्हणून दार ठेवायचंच नसतं. चालवणाऱ्यानं खिडकीतून आत शिरायचं. चालकाच्या बाजूचा सांधा त्यानं तीनदा घासून काढला आणि चौथ्यांदा जोडला. माशाच्या अंगावर खवले असतात ना, तसा एकाला एक लागून, वरपासून खालपर्यंत. त्यावर बोट फिरवून तो म्हणाला, की आयुष्यात एवढा चांगला सांधा दुसरा जमला नाही.

खिडकीतून तो सरड्यासारखा आत जायचा. बायको शिवणयंत्रावरचं घड्याळ घेऊन वेळ मोजायची. नऊ सेकंद. एकदा तर तो घरातून निघायच्या आधीच माझ्यात बसलेला होता. बरं, ही थाप. नऊ सेकंद मात्र खरे.

दोन वर्षांत मी तयार झाले. मुलीनं माझ्या अंगावर पिवळ्या रंगात अकराचा आकडा काढला. वेल्डरचा मित्र टायरवाला ट्रेलर घेऊन आला आणि म्हणाला, चल, रविवारी उतरवू हिला. वेल्डर म्हणाला, रेडिएटरची एक नळी बदलतो, मग. पुढच्या हंगामात रंग नीट बसला नव्हता. त्याच्या पुढच्या हंगामात त्यानं पिंजऱ्याचा एक पाइप कापून पुन्हा जोडला. टायरवाला दरवर्षी यायचा, चहा प्यायचा, रिकामा ट्रेलर खडखडवत परत जायचा.

मित्रांनो, त्याला धडकेची भीती नव्हती. खरं कारण त्याच्या बायकोनं ओळखलं. एक दिवस तो मऊ फडक्यानं माझं दार पुसत होता. ती सीटवरून म्हणाली, "तुम्हाला हिला पोचा पडलेला बघवणार नाही. होय ना?"

त्यानं फडकं झटकलं आणि घडी घातली. ढुशा खाण्यासाठी त्यानं मला बनवलं, आणि इतकं चांगलं बनवलं की ढुशी द्यायला त्याचं मन होईना.

अशी अकरा वर्षं गेली. मग एका बुधवारी तो आपणहून टायरवाल्याकडे गेला आणि म्हणाला, या रविवारी नक्की. बायकोनं शर्यतीसाठी शिवलेला जाड निळा अंगरखा कपाटातून निघाला. रविवारी सकाळी ट्रेलर दारात उभा राहिला. मुलगी परगावी नोकरीला होती, ती मुद्दाम आली. मी इतकी चकचकीत होते, की शेजारच्या मांजरानं माझ्यात बघून मिश्या सारख्या केल्या.

वेल्डरनं छताची कड धरली, डावा पाय उचलला. पाय गुडघ्याएवढा वर आला आणि थांबला. त्यानं पाय बदलला. मग हातानं पाय धरून उचलून पाहिला. टाकीच्या पोटात उकिडवं बसण्यात त्याचे खुबे कधीच गेले होते. कारखान्याच्या पायऱ्या तो कठडा धरून चढायचा. पण खिडकीतून शेवटचा आत कधी गेला होता, हे त्याला आठवत नव्हतं. मला आठवत होतं. चार वर्षं झाली होती. तेव्हापासून तो नुसता बाहेरून पुसत होता.

कोणी हसलं नाही. टायरवाला खाली वाकून स्वतःच्याच ट्रेलरचे टायर दाबून बघायला लागला.

मुलगी म्हणाली, "बाबा, ग्राइंडर आणते. दार कापू. पाच मिनिटांचं काम आहे."

त्यानं सांध्यावरून बोट फिरवलं. "कापलेलं दार धडकेत उघडतं. मीच सगळ्यांना सांगत आलोय."

"मग मी चालवते. मला येतं आत जायला." आणि ती क्षणात माझ्यात बसलीसुद्धा. मित्रांनो, चौदा वर्षं जिला मी ने-आण केली ती माझं स्टिअरिंग धरून बसली होती. माझ्या इंजिनात पेट्रोल होतं. गॅरेजचं दार सताड उघडं होतं.

त्यानं छताच्या कडेवर हात ठेवला. मग म्हणाला, "उतर. पोचा पडेल."

"तिला की मला?" मुलीनं विचारलं.

तो खिडकीपासून बाजूला सरकला. मुलगी खिडकीतून बाहेर आली आणि संध्याकाळच्याऐवजी दुपारच्याच गाडीनं गेली. ट्रेलर रिकामा गेला. त्या दिवशी मी त्याच्यावर रागावले. आजवर एवढीच एकदा.

त्यानंतर त्यानं हत्यारं हातात घेतली नाहीत. भिंतीजवळच्या सीटवर बसून तो गल्लीतल्या मुलांना माझी शर्यत सांगायचा. धूळ, सावली, एकवीस गाड्या, सगळं त्याचंच. थापा मारायला मी त्याच्याकडूनच शिकले. एकदा एका चिमुरडीनं त्याच्या बायकोला विचारलं, की आजी, हे खरं आहे का. तिनं हातातलं शिवण खाली ठेवलं आणि म्हणाली, "मी होते ना तिथं. वेळ मीच मोजत होते."

मग तो गेला. मुलगी आली, चार दिवस राहिली. सगळी पांगल्यावर त्याची बायको गॅरेजमध्ये आली. आधी तिनं मला पुसलं, तो पुसायचा तसं, वरून खाली. मग भिंतीवरचा हातोडा काढला. दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्या दारावर, त्या सांध्याच्या वीतभर अलीकडे, एक घाव घातला. पत्रा आत गेला. सांधा जागचा हलला नाही.

तिनं पोच्यावर तळवा ठेवला.

"घ्या," ती म्हणाली, "झाली तुमची शर्यत."

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू आपली हेळसांड सांगून तुमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. माझी हेळसांड कुणी एक दिवससुद्धा केली नाही. अकरा वर्षं मला जपलं, आणि त्या जपण्यातच माझा वेल्डर आत बसायचा राहून गेला. तेव्हा तुम्ही वस्तू पुसा, तेल द्या, सांधे तपासा. पण जी ज्यासाठी केली त्यासाठी तिला वेळेवर बाहेर काढा.

मी अजून गॅरेजमध्येच आहे. खिळ्यावर मोजा आहे. माझ्या खिडकीला काच नाही. ज्याचा पाय उचलतो त्यानं आत यावं. पोच्याची काळजी करू नका, एक पडलेलाच आहे.