रतिलालशेठच्या दिवाणखान्यातला व्हिडिओ गेम

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे, असं सगळे म्हणतात. तुम्ही मात्र लगेच विश्वास ठेवू नका. मी तर कुणावरच ठेवत नाही.

माझा जन्म मुंबईतल्या एका कारखान्यातला. प्लायवूडची उंच पेटी, वर काच, पुढे दांडा आणि बटणं. सत्त्याऐंशी साली मी जळगावला बन्सीलालभाऊंच्या दुकानात आलो. माझ्यात एक होडी होती. मगरी चुकवत ती पलीकडच्या काठाला न्यायची. शाळा सुटली की पोरांची झुंबड उडे. तोंडभर कौतुक करत आणि नाण्याऐवजी पत्र्याच्या चकत्या सरकवत. संशयी झालो तो तेव्हापासून.

दुपारी दुकान रिकामं असलं की भाऊंची बायको बेबाबाई खेळायच्या. पदर खोचून, ओठ चावून. होडी काठाला लागली की स्वतःशीच हसायच्या. फार आवडायच्या मला.

पुढे घरोघरी टीव्हीला जोडायचे खेळ आले आणि माझ्यावर बारदान पडलं. मग एक दिवस सराफ रतिलालशेठ आले. "अशा वस्तू आता मिळत नाहीत. जिवापाड जपेन," म्हणाले. पण नजर माझ्या उघड्या पाठीत होती. आतल्या सर्किटच्या पाटीची कड सोन्याच्या मुलाम्याने पिवळी दिसत होती. माझ्या मनात पाल चुकचुकली.

बेबाबाईंच्याही चुकचुकली असावी. त्यांनी शेठना विचारलं, "पेटी ली जाशात भाऊ, पन होडी चालू राही ना?"

"बठ्ठं राही, अक्का!" सगळंच राहील, असा शेठनी शब्द दिला.

सराफांकडे दुकानातला केरसुद्धा फेकत नाहीत. झारेकरी तो नेतो, धुतो आणि सोन्याचे कण काढतो. शेठनी आपल्या झारेकऱ्याला, पुनाला, घरी बोलावलं आणि माझी पाटी उपसून त्याच्या हातात दिली.

पुना घुटमळला. "मंग हाई चाली कसं, शेठ?"

"याले चालानं काय काम? देखाले चांगलं शे ना!"

पाटी भट्टीत गेली. सोनं निघालं नखाच्या टोकाएवढं. होडी, मगरी, नदी, सगळं जळून गेलं.

आता शेठच्या दिवाणखान्यात मला रोज पुसतात. डोक्यावर फुलदाणी आहे. मागच्या संक्रांतीला बेबाबाई हळदीकुंकवाला आल्या. मला पाहताच त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पदर खोचला, दांडा धरला, बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काच काळीच राहिली.

"किती छान जपलंय ना आम्ही?" शेठाणी म्हणाल्या.

बेबाबाई वाण न घेताच निघून गेल्या.

मित्रांनो, कुणी जुना खेळ जपलाय म्हणालं, तर मान डोलावू नका. आधी खेळून पाहा.