गव्हाच्या राशीतून खताच्या ढिगात

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, कुणीतरी भाल्याच्या टोकाला घड्याळ बसवले आहे. पण मी भाला नाही आणि घड्याळही नाही. मी एक जुना तापमापक आहे. माझा दांडा स्टीलचा, चांगला हातभर लांब. वर गोल तबकडी, तिच्यात एक काळी सुई. ढिगात खुपसले की आतली ऊब माझ्या अंगातून वर चढते आणि सुई सरकते. एवढेच माझे काम. पण या एवढ्याशा कामावरून माझ्या आयुष्यात काय काय घडले, ते ऐका.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे मला बर्फात बुडवले, उकळत्या पाण्यात धरले आणि दोन्हीकडे मी खरे बोललो म्हणून पास केले. तिथून मी धान्याच्या गोदामात आलो. केवढे ते गोदाम! गव्हाच्या राशी माणसांच्या डोक्याच्या वर जायच्या. गोदामाच्या मुख्य अधिकाऱ्यांना सगळे ‘हवासाहेब’ म्हणत, कारण दिवसभर त्यांच्या तोंडी एकच वाक्य असे, “हवा द्या रे, राशीला हवा द्या!” धान्य आतून तापू लागले म्हणजे कीड लागली, ओल शिरली, नासाडी सुरू झाली. माझी सुई जरा वर गेली की हवासाहेबांचा चेहरा उतरायचा. हमाल धावत यायचे, फावडी चालायची, रास खालीवर व्हायची, पंखे घोंघावू लागायचे. सुई खाली आली की साहेब माझी तबकडी रुमालाने पुसायचे आणि म्हणायचे, “शाब्बास! वेळेवर बोललास.”

एकदा शेजारच्या गोदामातली रास तापत तापत धुमसू लागली. ती विझवायला गेलेला तिथला तोलणारा हवासाहेबांचा जवळचा मित्र होता. त्याचे दोन्ही हात भाजले. तेव्हापासून वाफ दिसली की साहेब आधी फावड्याकडे धावायचे.

पुढे ते गोदाम बंद झाले. मला भंगारात टाकणार होते, पण साहेबांनी मला काखोटीला मारून घरी आणले. घरी माझ्या वाट्याला काय आले? दाराच्या मागची खुंटी! पडद्याच्या कड्या सरकवायला मी, कपाटाखाली गेलेला चेंडू काढायला मी, तुंबलेली मोरी मोकळी करायलाही मीच. माझी तबकडी धुळीने आंधळी झाली. मित्रांनो, काम नसल्याचे दुःख मोठे, पण भलतेच काम करावे लागल्याचे दुःख त्याहून मोठे असते.

त्या घरात साहेबांची सून होती. साहेब तिला सूनबाई म्हणत, ती त्यांना बाबा. तिचा नवरा नोकरीनिमित्त फिरतीवर असे, म्हणून घरात बहुतेक वेळ ही दोघेच. सूनबाई एका रोपवाटिकेत काम करी. गिऱ्हाईक रोप घेऊन जायचे आणि महिन्याभराने वाळलेली काडी घेऊन परत यायचे. “ताई, पाणी घातलं, खत घातलं, तरी का मेलं हो?” तिला उत्तर देता यायचे नाही. “थोडं ऊन दाखवा,” असे काहीतरी बोलून ती वेळ मारून न्यायची आणि दिवसभर खट्टू असायची.

एके दिवशी तिने ठरवले, आता उत्तर शिकायचेच. मातीतले जीव आणि कंपोस्ट यांचा सल्लागार होण्यासाठी एक अभ्यासक्रम होता. शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. तिने नाव घातले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर भाजी चिरता चिरता ती फोनवर धडे ऐकू लागली. आठवड्यातून एकदा केंद्रावर जाऊन सूक्ष्मदर्शकातून मातीचा थेंब पाहू लागली. “बाबा, चिमूटभर मातीत किती जीव असतात माहितेय? आपलं अख्खं शहर फिकं पडेल!” ती सांगायची. बाबा वर्तमानपत्रातून डोके न काढता “हं हं” करायचे.

परीक्षेसाठी तिला स्वतःच्या हाताने खताचा एक ढीग करायचा होता. आत साठ अंशांच्या आसपास ताप धरला पाहिजे, तो सलग टिकला पाहिजे, मग त्या खताचा नमुना तपासायला न्यायचा. घरातला स्वयंपाकाचा छोटा तापमापक ढिगाच्या पोटापर्यंत पोचेना. तेव्हा तिची नजर दाराच्या मागे गेली. “बाबा, हा घेऊ?”

बाबांनी मला खुंटीवरून काढले, ओल्या फडक्याने तबकडी पुसली आणि जरा वेळ तसेच हातात धरून उभे राहिले. “घे. पण जपून हं. हा माझा जुना सहकारी आहे.”

मित्रांनो, त्या दिवशी मला पुन्हा माझे नाव मिळाले!

सूनबाईने मागच्या अंगणात थरावर थर रचले. वाळका पाला, कापलेले हिरवे गवत, भाजीचे देठ, थोडे शेण. वर ताडपत्री टाकली आणि मला मधोमध खोचले. सुई हळूहळू चढू लागली. मी मनातून घाबरलो. आता ही पण धावाधाव करणार! तर ही बाई चक्क टाळ्या पिटू लागली. “चढला, चढला! बाबा, ढीग तापला!” बाबांनी खिडकीतून मान डोलावली. मला काही उमजेना. आयुष्यभर ज्या गोष्टीची मी धोका म्हणून वर्दी दिली, ती इथे आनंदाची कशी?

आणि मग ती सकाळ आली. हवेत गारठा होता. सूनबाई पहिल्या बसने केंद्रावर गेली होती. बाबा चहाचा कप घेऊन मागच्या दारी आले. वाऱ्याने ताडपत्रीचा कोपरा उचलला गेला होता आणि तिथून पांढरी वाफ भसाभस वर येत होती. बाबांनी माझ्या तबकडीत डोकावून पाहिले. सुई साठच्या पुढे! त्यांच्या हातातला कप खाली पडला.

“तापली! रास तापली!” ते ओरडले. तिथे एकही हमाल नव्हता, पण त्यांना त्याचे भान कुठे होते? त्यांनी फावडे घेतले, अख्खा ढीग अंगणभर पसरला, नळाला पाइप लावून वर धो धो पाणी सोडले. मी उडून चिखलात पडलो. शेजारीण कुंपणावरून ओरडली, “अहो काका, काय झालं?”

“काही नाही, आग लागत होती! वाचवलं सगळं!” बाबा धापा टाकत म्हणाले.

सूनबाई घरी आली तेव्हा ते बाह्या वर सारून शाबासकीची वाट पाहत पायरीवर बसले होते. “वेळेवर बघितलं म्हणून बरं, नाहीतर घर गेलं असतं.”

तिने अंगणाकडे पाहिले. काळा चिखल, त्यात गवताच्या काड्या, कोपऱ्यात मी. ती ओरडली नाही. तिने पिशवी खाली ठेवली. “बाबा,” ती अगदी हळू म्हणाली, “तो तापायलाच हवा होता.”

बाबांचा चेहरा पांढरा पडला. तिच्या त्या टाळ्या त्यांना आता आठवल्या असाव्यात. उठून आत गेले आणि त्या दिवशी जेवायलाही बाहेर आले नाहीत.

सूनबाईने तिच्या शिक्षिकाबाईंना फोन लावला. झाले ते खरे खरे सांगितले. बाई म्हणाल्या, “नवा ढीग करावा लागेल. आत्ता लगेच रचलास तर कसाबसा वेळ पुरेल. नाहीतर पुढच्या तुकडीबरोबर पहिल्यापासून सगळं.” फोन ठेवून ती सामान पाहायला अंगणात गेली. तिच्याजवळचे सगळे हिरवे गवत संपले होते.

दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः चहा करून तिच्यासमोर येऊन बसले. “मला नीट सांग. गोदामात ताप म्हणजे नासाडी. इथे ताप म्हणजे काय?”

तिने चहाचा कप हातात घेतला. मग म्हणाली, “गोदामात धान्य टिकवायचं होतं बाबा. कुणी खाऊ नये म्हणून तुमची धडपड. इथे खायलाच बोलावलंय. पाल्यावर, देठांवर जिवाणू तुटून पडतात. ते जेवतात, वाढतात, त्याची ही ऊब. त्या उबेत रोगाचे जंतू मरतात, तणाचं बी मरतं.”

“आणि फारच तापला तर?”

“तर कामाचे जीवही गुदमरतात. मग ढीग पालटायचा. बाहेरचं आत, आतलं बाहेर.”

“म्हणजे हवा द्यायची!”

“हो, हवा द्यायची.”

बाबा जरा घुटमळले. “मग हे आधी नाही का सांगायचं?”

“सांगितलं होतं की! तुम्ही मान डोलावलीत.”

“अगं, मान तर मी टीव्हीसमोरही डोलावतो,” बाबा म्हणाले, आणि आदल्या दिवसापासून रुसलेल्या त्या घरात दोघेही एकदम हसली.

मग काय विचारता! एकेकाळी ज्यांच्या एका हाकेसरशी हमालांची फौज धावायची, ते हवासाहेब बादली घेऊन दारोदार फिरू लागले. भाजीवाल्याकडून पाला, सुताराकडून भुसा, शेजारणीकडून कापलेले गवत. “काकांचं डोकं फिरलं वाटतं,” असे कुणी कुजबुजले तर ते थांबून त्याला ऊब म्हणजे काय ते समजावून सांगत. संध्याकाळपर्यंत अंगणात पुन्हा ढीग उभा राहिला आणि मला धुऊनपुसून मधोमध बसवले.

पण सुई वर जाईना. एक दिवस गेला, दुसरा गेला. मी तिसाच्या जवळपास घुटमळत होतो. सूनबाईने मूठभर खत घेऊन पिळून पाहिले. बोटांच्या फटीतून जेमतेम एखादा थेंब निघाला, म्हणजे ओल अगदी योग्य. वास चांगला. तिने हात आत कोपरापर्यंत घातला आणि चटकन बाहेर काढला. “बाबा, हाताला तर चटका बसतोय! मग सुई का हलत नाही?”

बाबांनी माझ्याकडे रोखून पाहिले. “म्हणजे ढीग खरं बोलतोय आणि हा खोटं. त्या दिवशी फावड्याचा दणका बसला असेल याला.”

मित्रांनो, लाजेने मी मेल्याहून मेलो! आयुष्यात माझ्या खरेपणावर पहिल्यांदाच बोट ठेवले गेले होते. बाबांनी एका पेल्यात बर्फ आणि थोडे पाणी घालून माझे टोक त्यात बुडवले. सुई शून्यावर यायला हवी होती. ती त्याच्या कितीतरी खाली जाऊन बसली. “बघ,” बाबा म्हणाले. त्यांनी सूनबाईच्या हातात पाना दिला आणि माझ्या तबकडीमागची छोटी चावी दाखवली. “तूच फिरव. हळू. आता हे तुला यायला हवं.” तिने ओठ दाताखाली धरून चावी फिरवली, आणि सुई शून्यावर आली. मला पुन्हा ढिगात बसवले. सुई चढत चढत साठाजवळ जाऊन थांबली तेव्हा दोघेही लहान मुलांसारखी नाचली.

त्यानंतर ढीग पालटायची वेळ आली की सासरा आणि सून दाताळी घेऊन समोरासमोर उभी राहत. ती सुई पाहून “आता” म्हणे आणि बाबा जोरात ओरडत, “हवा द्या!” हळूहळू पाला, देठ, भुसा ओळखू येईनासे झाले. उरले ते काळेभोर, भुसभुशीत खत. त्याला पावसाळी रानासारखा वास येत होता.

परीक्षेच्या दिवशी खताच्या पिशवीबरोबर तिने मलाही नेले. सूक्ष्मदर्शकाखाली तिने बुरशीचे धागे दाखवले, वळवळणारे सूत्रकृमी दाखवले, कोण कुणाला खातो आणि त्यातून रोपाला अन्न कसे मिळते, ते सांगितले. शेवटी शिक्षिकाबाईंनी विचारले, “तुझा पहिला ढीग का फसला?”

मला वाटले, आता ही बाबांचे नाव घेणार. पण ती म्हणाली, “माझं सांगणं घरातल्याच माणसापर्यंत पोचलं नाही म्हणून. मी बोलले होते, पण त्यांना काय कळलं ते विचारलंच नव्हतं.”

बाईंनी चष्मा काढला. “सूक्ष्मदर्शक चालवायला मी कुणालाही शिकवू शकते. हे शिकायला मात्र काहींना फार वर्षं लागतात,” त्या म्हणाल्या.

सूनबाई पास झाली. प्रमाणपत्र आले त्या दिवशी बाबांनी ते मोठ्याने वाचून दाखवले, शेजारणीलाही कुंपणावरून वाचून दाखवले, आणि ‘मृदा’ या शब्दावर दोन्ही वेळा अडखळले.

आता आम्ही पहिल्या कामगिरीवर आलो आहोत. एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागे उष्ट्याखरकट्याचा ढीग आहे. त्याचा असा घाण वास सुटला होता की तो बंद करायची ताकीद मिळाली होती. तिथल्या स्वयंपाकीणबाई अगदी रडकुंडीला आल्या होत्या. सूनबाईने मला आत खुपसले. थंडगार, चिकट, श्वास कोंडलेला चिखल! तिने त्यांना बाजूला बसवून सांगितले, ओले फार झाले आहे, कोरडे काहीच नाही, आत हवा जात नाही. दोघींनी मिळून वाळका पाला आणि पुठ्ठ्याचे तुकडे मिसळून ढीग नव्याने रचला. निघताना सूनबाई म्हणाली, “मावशी, आता तुम्ही काय काय करणार, ते मला सांगा बघू.” मावशींनी अडखळत सांगितले. एक गोष्ट राहिली, ती सूनबाईने पुन्हा समजावली.

“आणि नाहीच तापला तर?” मावशींनी विचारले.

“तर मी परत येईन. दोघी मिळून बघू कुठे अडलंय ते.”

मला ती इथेच ठेवून गेली. परक्या ठिकाणी मी जरा बिचकलोच. पण मावशी रोज कामातून वेळ काढून येतात आणि एप्रनच्या टोकाने माझी तबकडी पुसतात. मित्रांनो, तुमच्याकडे माझी एवढीच विनवणी आहे. आमच्यासारख्या जुन्या अवजारांना खुंटीवर आंधळे होऊ देऊ नका. आम्हाला पुसा, तपासा, आमचे चुकले तर चावी फिरवून सुधारा, आणि आमच्या हातून आमचेच काम करून घ्या. आणि पायाखालच्या मातीला मेलेली समजू नका. तिच्या पंगतीत कोट्यवधी पाहुणे बसलेले असतात. त्यांना वाढायचे काम आपले आहे.

आज सकाळी मावशी आल्या तेव्हा ढिगाला पहिल्यासारखा वास नव्हता. त्यांनी वाकून माझ्याकडे पाहिले, डोळे चोळून पुन्हा पाहिले. सुई अजून बरीच खाली आहे. पण कालच्यापेक्षा दोन घरे वर आहे.