खालची पट्टी

"सगळं नेटवर फुकट मिळतं," हे बाळ्याचं ठरलेलं वाक्य. वडील गेल्यावर तो ते जास्तच म्हणू लागला, कारण वडिलांची खोली त्याला भाड्याने द्यायची होती आणि भिंतीला टेकून नकाशांच्या गुंडाळ्या उभ्या होत्या.

"ताई, युद्धाचा इतिहासच ना? बाबांनी जन्मभर बोटं काळी केली, ते आता एका बटणावर आहे. रविवारी रद्दीवाला येतोय."

"बघते," ताई म्हणाली. "तिथे सगळं असेल तर गठ्ठे मीच बांधून देईन."

वडील कॉलेजात इतिहास शिकवायचे. नदीकाठची एक टेकडी आणि तिच्यासाठी पहाटे झालेली एक लढाई, एवढाच त्यांचा संसार; बायकोमुलं जोडीला. ताईने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

पहिल्या संकेतस्थळावर सगळं मोफत होतं, फक्त आधी कार्डाचा नंबर हवा होता. दुसऱ्यावर शिरस्त्राण घातलेला एक गृहस्थ ढोलाच्या तालावर महायुद्ध उरकत होता. एका विद्यापीठाची व्याख्यानं खरंच चांगली निघाली. त्यांत टेकडी नव्हती. एका अभिलेखागाराने पलटणींच्या रोजनिश्या स्कॅन करून ठेवल्या होत्या, पण स्कॅन करणाऱ्याचा अंगठा बहुधा लष्करापेक्षा महत्त्वाचा होता. पानोपानी तोच.

मग सापडला अभ्यासकांचा कट्टा. 'रणगाडा' आणि 'जुना तोफखाना' हे दोन पंडित तिथे वर्षानुवर्षं टेकडीच्या कप्तानाला मूर्ख ठरवत होते. हल्ला उत्तरेकडे, मग पहाटेची वेळ कशाला निवडली? ऊन तर कुशीवर. शाळकरी पोराला कळेल ते याला कळलं नाही. पुराव्याला नकाशा जोडलेला: 'सर्वोत्तम, मोफत'.

ताई बघतच राहिली. नकाशा वडिलांचा होता. त्यातली नदीकाठची झाडं तिनेच काढली होती, शाळेत असताना. शेवटच्या झाडावर शाई सांडून ते फुगलं होतं. वडील तेव्हा म्हणाले होते, "राहू दे, वड समजू."

वड तिथे होता. खालची पट्टी मात्र कुणीतरी सफाईने कापली होती. त्या पट्टीत वडिलांचं नाव असायचं आणि उत्तर दाखवणारा बाण. वडील उत्तर वर ठेवतच नसत. ज्या बाजूला चाल, ती बाजू वर. "सैनिकाला उत्तर दिसत नाही, समोरचं दिसतं," म्हणायचे. नाव झाकायला पट्टी कापली, तिच्याबरोबर बाण गेला, आणि पंडितांनी वरची बाजू उत्तर धरली. कप्तान पश्चिमेला चालला होता. सूर्य त्याच्या पाठीशी होता आणि शत्रूच्या डोळ्यांत.

तिने कट्ट्यावर हे सगळं सभ्य भाषेत लिहिलं. रणगाड्याचं उत्तर लगेच आलं: 'मॅडम, इथे अभ्यास चालतो. लिंक द्या.'

ती उठली, खोलीत जाऊन गुंडाळी शोधून आणली आणि टेबलावर उलगडली. कोपऱ्यावर साखरेचा डबा, दुसऱ्यावर बाळ्याची चहाची कपबशी. खाली पट्टी शाबूत होती. बाण उजवीकडे वळलेला, शेजारी वडिलांचं बारीक, सरळ अक्षर. तिने बोट अक्षरापर्यंत नेलं आणि न टेकवता मागे घेतलं.

बाळ्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा कागदाकडे.

"चोरलाय की हा."

"चोराला निदान माल ओळखता यावा."

"मग याचा फोटो काढून टाक तिथे. वाद मिटेल."

"फोटो टाकते. पुन्हा पट्टी कापतील. कागद इथेच राहणार."

"आणि मी भाडेकरूला काय सांगू? तो परवा येतोय."

ताईने कपबशी उचलून त्याच्या हातात दिली आणि नकाशा सावकाश गुंडाळायला घेतला.

"त्याला म्हणावं, नेटवर बघ. तिथे सगळं फुकट मिळतं."